शिरपाचा हात

बसा पावणं, बसा. दांडा खाली वडा. टक्कन वाजलं की लागला म्हणायचं. आता ह्यो चढ संपस्तवर आपल्याला काय काम न्हाई, तवा एक गोष्ट सांगतो. चांगली हाय. ऐकल्यावर रातच्याला झोप लागणार न्हाई, पर आज रातच्याला तुमाला ह्या गाडीत बसून आल्यावर तशी बी लागणार नव्हती.

खाली बगा. लोकं म्हणत्यात बगू नगा, मी म्हणतो बगा. गेटाच्या अलीकडं हिरव्या छत्रीखाली उभा हाय न्हवं, त्यो माजा धाकटा भाऊ, शिरपा. त्याचा उजवा हात माज्या पाठीमागं हाय. तोडल्याला न्हाई. खांद्याला जोडल्यालाच हाय, फकस्त लांब झालाय. छत्रीखालनं निघतो, फलाटाच्या कडंनं रुळावर चढतो, सगळा रूळ फिरतो आणि हितं येऊन माज्या पाठीखाली तळवा उताणा पडलाय. रुळावर तुमाला तांबूस दोरखंड दिसला असंल. दोरखंड न्हवं त्यो.

प्रत्येक गाडी त्याच्यावरनं जाते. आदी त्यो मनगटासारखा हुता, मग उसासारखा झाला, आता कपडं वाळत घालायच्या तारंएवढा ऱ्हायलाय. आज सुट्टी हाय, रांग पार हमरस्त्यापतर गेलीया. आज एकतर त्यो हात तुटंल, न्हाईतर शिरपा अख्खा रुळावर वडला जाईल आणि चाकं त्याच्या तोंडावरनं जातील. म्हणून सांगतोय. नुस्तं ऐकून सोडायचं न्हाई, शेवटी तुमच्याकडं एक काम हाय. भिऊ नगा, जड न्हाई.

मी दौलू. हितल्याच तालमीतला. आता जिथं पाण्याच्या घसरगुंड्या हाईत तिथं आमची तालीम हुती, आणि ह्यो डोंगराएवढा रोलर कोस्टर उभा हाय तिथं आमचा हौदा. हौदा म्हंजे कुस्तीच्या मातीचा खड्डा. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू. वास असा की आजारी माणूस उठून बसावा. ह्या पार्काच्या मालकानं माळ घेतला, तालीम पाडली आणि परदेशातनं लोखंडी रूळ मागवलं. कंटेनर भरून आलं. वाकवून, रंगवून, नट लावून आल्यालं. कामगारांनी सकाळी जोडलं की दुपारच्या भाकरीपतर रूळ सरळ व्हायचं. हळू न्हाई. फाडकन. झोपल्यालं माणूस आळस देतंय तसं. एकदा एक रूळ एका वेल्डरच्या तोंडावर बसला, त्याचं पुढचं सगळं दात पलीकडच्या सिमेंटच्या गोण्यांत जाऊन रुतलं. त्यो हातानं टिपून काडत हुता आणि "माजंच हाय का बगा" म्हणून इचारत हुता.

आराखडा करणाऱ्या बाई पुण्याच्या, सबनीसबाई. बारकी अंगकाठी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आवाज कधी चढायचा न्हाई. त्या खाली बसल्या, मूठभर माती हातात घेतली, वास घेतला आणि म्हणल्या, "ह्या मातीला रुळाचं वळण माहीत नाही. हिला दुसरं कुठलंतरी माहीत आहे."

कुठलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचं वस्ताद, मुल्लाणी वस्ताद, हौद्यातली माती मागायला आलतं. टिपर घिऊनच आलतं. म्हणलं, जागा तुमची झाली, माती आमची हाय, तेवढी न्हेतो. कामावरचा मुकादम तापट माणूस. त्यानं मातीच्या ढिगाला लाथ मारली. वस्तादांनी टोपी काडली, शिरपाजवळ दिली आणि मुकादमाला ढाक लावली. मान काखेत, कंबर खाली, आणि मुकादम वरनं गेला. पडला तवा आवाज असा आला की पाखरं उडाली न्हाईत, खाली बसली.

मुकादम जिथनं गेला तिथली हवा तापून लाल झाल्ती. लोखंड तापतंय तशी. वरनं खाली एक वाक, आदी मोठा, मग आत वळल्याला. सगळ्यांनी बगितला. बाईंनी कुणाला काय इचारलं न्हाई. म्हणल्या, "रुळाचा पाइप ठेवा त्याच्यावर. लवकर. गार होईल."

आमी पाइप ठिवला. पाइप त्या हवेवर असा बसला जशी अंड्यावर कोंबडी. वाकला आणि तसाच ऱ्हायला. दुपार झाली, सांज झाली, सरळ झाला न्हाई. त्यो ह्या गाडीचा पयला उतार. आता आपण वर पोचलो की ज्याच्यावरनं पडणार हाय, त्यो. तुमी त्याला उतार म्हणता, आमी ढाक म्हणतो.

टक टक ऐकताय न्हवं? ती साखळी. तिचा आवाज असाच असतोय.

मग बाईंनी आमच्या तालमीला कामावर घेतलं. एकेक वळणाला एकेक डाव. कागदावर त्या रेघ काडायच्या आणि इचारायच्या, "असं कोण पडतं?" वस्ताद सांगायचं, कुठला डाव, कुणी कुणाला. सकाळी थंडाई पाजायच्या, बदाम घालून, सोता हातानं. प्रत्येकाची पाठ चाचपून बगायच्या. मायाळू बाई. एकदा मी इचारलं, "बाई, किती जोरात आपटायचं?" तर म्हणल्या, "दौलतराव, मान राहिली तर उत्तम. पण मानेसाठी थांबू नका."

कोलांटी हाय न्हवं, जिथं गाडी उलटी हुते, ती कलाजंगाची. हिंदुरावनं बाबालालला खांद्यावर आडवा घेतला, दोन्ही बाजूंनी आवळला, गरगर फिरला आणि मातीत घातला. बाबालालच्या कानांतनं रक्त आलं आणि वर हवेत बांगडीसारखा गोल उभा ऱ्हायला. इतका गोल की बाईंनी कागदावरची सोताची रेघ खोडली. त्याच्या पुढं जो पिळा हाय, गाडी आडवी आडवी फिरत जाते, ती मोळी. यशवंतानं रंगरावचं हात-पाय एकात एक गुतवलं, मोळी बांधत्यात तसं, आणि लोळवत न्हेलं. नवी चप्पल करकरते का न्हाई, तशा त्याच्या बरगड्या करकरत हुत्या. पार टोकापतर. टोकाला थांबल्या.

तुमी म्हणशीला, पैलवानाला आपटायची सवय असती. खरं हाय. एकदा आपटला की झालं, उठायचं, माती झाडायची, जिंकणाऱ्याला मिठी मारायची. पर हितलं येगळं निघालं. वाळूची पोती भरून पयली बिनमाणसाची गाडी बाईंनी ढाकेवरनं सोडली, त्या टायमाला मुकादम आपल्या घरात जेवत हुता. ताटावरनं उचलला गेला आणि भिंतीवर आपटला. कुणी उचलला न्हाई. आपसूक. ढाकच बसली त्याला, पयल्यासारखी. बायकोनं टेम्पोत घालून हितं आणला, तक्रार करायला. बाईंनी तिकडं दुसरी गाडी सोडली आणि टेम्पोतनं उडून मुकादम रस्त्यावर आला.

बाई म्हणल्या, "म्हणजे डाव पक्का बसलाय."

त्याची बायको म्हणली, "पक्का बसलाय ते दिसतंय. ह्याला उठवायचा कसा?"

बाईंनी गाद्या दिल्या. आता मुकादमाच्या घरात भिंतीलापतर गाद्या हाईत. सुट्टीच्या दिवशी त्यो गादीवरनं उठतच न्हाई, कारण उठण्यात अर्थ न्हाई. तिकडं बाबालाल गोल फिरतोय. रंगरावला घरच्यांनी उशांच्या मधी ठिवलाय, त्यो मोळी झाला की उलगडतात, परत झाला की परत उलगडतात. त्याची म्हातारी म्हणती, पोरगं कामाला लागलं एकदाचं.

तुमी मघाशी रांगेत हसत हुता न्हवं, आत्ता पडणार, आत्ता पडणार म्हणून? मुकादम बी तेच म्हणत असंल.

चढ लांबलाय म्हणताय? लांबणारच. गोष्ट अर्धी असली की त्यो वर पोचत न्हाई. मागं वळून बगू नगा मात्र. फलाट आता लई बारका दिसतोय.

हे सगळं बगितल्यावर पोरं शानी झाली. दोघांनी, नावं घेत न्हाई, आदीच ठरवलं. तू असा ये, मी असा पडतो. नुरा कुस्ती म्हणत्यात त्याला, आतनं ठरवून केल्याली. दिसायला झकास झाली. टाळ्या पडल्या. हवा बी तापली, थोडी. रूळ बसला, पर शिजल्याल्या शेंगेसारखा मऊ. वाळूची गाडी त्याच्यावर आली तसा रूळ दबला, मग उलटा उडाला आणि खाली उभं असल्याल्या वस्तादांच्या गुडघ्यावर बसला. पाय मागच्या बाजूला वळला. टाच पुढं, बोटं मागं.

वस्तादांनी त्या दोघांना जवळ बोलावलं. एका पायावर उभं ऱ्हाऊन एकेकाच्या अशी कानसुलात दिली की एकाचा कान अजून गरम असतो. मग म्हणलं, "लेकरांनो, मातीला खोटं चालत न्हाई. तिला खरी पाठ लागती." आणि खुर्चीवर बसलं. तवापासनं खुर्चीवरच हाईत. पाय अजून तसाच हाय. चालायला लागलं की मागं जात्यात.

असं करत करत रूळ झाला. शेवटचं वळण ऱ्हायलं, फलाटावर यायचं. त्यो उद्घाटनाचा दिवस. दुपारची येळ, मांडव, लाउडस्पीकर, लिंबू सरबत. तालमीत खडा माणूस ऱ्हायला नव्हता. सगळं कुठं ना कुठं रुळात गेल्यालं. मी आणि शिरपा तेवढं उरलो हुतो. वस्तादांनी आमाला मुद्दाम मागं ठिवलं हुतं.

बाई म्हणल्या, "धोबीपछाड हवी. खांद्यावरून, सरळ, पाठीवर."

वस्ताद म्हणलं, "ही दोघं एका तालमीची. एका आईची. यांची निकाली कुस्ती लावत न्हाईत आमच्यात. सरावाचा जोर करत्यात, निकाल लावत न्हाईत."

"मग रूळ उघडा राहील."

"ऱ्हाऊ द्या."

"गाडी सुटलीय, वस्ताद."

गाडी खरंच सुटल्ती. मालकाच्या लेकीनं हिरवं बटण दाबलं हुतं, फोटोसाठी. आणि पयल्या शिटावर कोण? मालकाला फोटोत गावची म्हातारी पाहिजे हुती, नऊवारीतली. आमची आई बसल्याली. हातात पिशवी तशीच, त्यात सरबताचा गिलास. ती वर चढत हुती, टक टक टक, आणि आमच्याकडं बगून हात करत हुती.

आमी कपडं काडलं. माती तेवढीच उरल्ती, फलाटाच्या शेजारी, ढाकेच्या खाली एक चौकोन, जिथं आता कर्दळ लावलीय. तिथं उतरलो. एकमेकांच्या खांद्यावर माती टाकली, हाताला हात लावला. वस्तादांनी शिट्टी वाजवली.

आता नीट ऐका. हरणाऱ्याचं काय हुतंय, ते आमाला दोघांना ठाव हुतं. मुकादम बगितल्याला. गाडी आली की आपटायचं, ह्या जन्मी सुटका न्हाई. मी थोरला. मी मनात म्हणलं, हरायचं मी. पर खोटं हरलो तर रूळ मऊ हुणार आणि त्याच्यावर आई येणार. म्हणून हरायचं ठरवून मी जिंकायच्या ताकतीनं लढलो. शिरपानं बी तेच ठरवलं हुतं. डोळ्यांत दिसत हुतं त्याच्या. मी त्याला म्हणलं, "शिरपा, मला घे." त्यो म्हणला, "तू मला घे की." मी त्याच्या नाकावर डोकं घातलं. नाक गेलं. त्यानं माज्या गळ्याच्या हाडावर कोपर टाकलं, सुक्या काटकीसारखं मोडलं. मी त्याची मान घिऊन तोंड मातीत घासलं, तोंडातनं माती आणि दात एकदमच आलं. लोकं टाळ्या वाजवत हुती. लाउडस्पीकरवर निवेदक म्हणत हुता, "बंधुप्रेमाचं दर्शन."

वर आईची गाडी ढाकेवरनं आली. लांब कुठंतरी मुकादम आपटला असंल. कोलांटीत गाडी उलटी झाली आणि आईला खाली आमी दिसलो. उलटी टांगल्याली, पदर खाली लोंबत्याला, तशीच वरडली, "ए दौल्या! सोड त्याला, धाकटा हाय त्यो!" गाडी सरळ झाली, मोळीत गेली, तिथनं परत आवाज, "एकमेकाला लागंल असं खेळू नगा रं!"

ल्हानपणापासनं ती हेच वरडायची. अंगणात जोर करायचो तवा. आणि आमच्या तालमीत जोर करताना एक रीत हाय. आपल्या माणसाला टाकलं, तर त्याची पाठ लागायच्या आत आपला तळवा खाली घालायचा. म्हंजे आपटत न्हाई. मीच शिकवली हुती शिरपाला.

त्यानं मला धोबीपछाड मारली. खरी. असा खांद्यावरनं गेलो की आभाळ पायाखाली आलं. हवा लाल न्हाई, पांढरी तापली. बाई वरडल्या, त्या दिवशी पयल्यांदा, "पाइप!" आणि पाइप बसला. मी खाली येत हुतो, पाठ मातीला लागणार, आणि आईचा आवाज कानात असताना शिरपाचा उजवा हात आपसूक माज्या पाठीखाली गेला.

लागली न्हाई पाठ.

मातीपासनं एक तळहात वर मी थांबलो. शिरपाच्या तळव्यावर. रूळ बी तिथंच थांबला, फलाटापासनं एक तळहात वर. आईची गाडी आली, तेवढ्यावरनं धपकन खाली उतरली आणि थांबली. अजून बी उतरताना एक धक्का बसतोय बगा, त्यो त्योच. आई उतरली. पदर सारखा केला. म्हणली, "पोटात कायतरी हललं." मग शिरपाकडं बगितलं.

"हात कुठं ठिवलायस?"

"दादाच्या पाठीखाली."

"बरं. नाक पूस." आणि सरबताचा गिलास परत द्यायला मांडवाकडं गेली.

मी वस्तादांकडं बगितलं. म्हणलं, "वस्ताद, निकाल द्या."

वस्तादांनी वाकून मातीकडं बगितलं, मग माज्या पाठीकडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी हुतं, पर पंच त्यो पंच. म्हणलं, "पाठ लागल्याली न्हाई. कुस्ती चालू हाय."

"शिरपा, हात काड," मी म्हणलं.

"काडला तर तू आपटशील. पत्येक गाडीला."

"आपटू दे."

"न्हाई."

तवर पुढची गाडी आली आणि मला खालनं उचलून घिऊन गेली. ह्याच शिटावर. कुस्ती चालू असल्याला माणूस मैदानाभायेर जाऊ शकत न्हाई, आणि मैदान आता हे सगळंच हाय. शिरपाचा तळवा माज्याबरोबर आला. त्यानं सोडला न्हाई. हात लांबला, खांदा जागेवर ऱ्हायला. पयल्या फेरीला त्यो लई वरडला. दुसऱ्या फेरीला छत्री कुणीतरी आणून दिली.

तवापासनं मी बसलोय. फलाटावर गाडी थांबती, लोकं उतरत्यात, नवी बसत्यात, तेवढ्यात शिरपा आणि मी बोलतो. मी म्हणतो "सोड", त्यो म्हणतो "न्हाई". कधी म्हणतो, "आज आईनं पिठलं दिलं हुतं, डाव्या हातानं खाल्लं." सुरवातीला मीच सोडवायला बगितलं. पर ह्यो दांडा असा बसतोय की माजं हात मागं जात न्हाईत, आणि जवा जवा कुणी त्याच्या बोटाला हात लावला तवा त्यो तिकडं खाली कळल्यासारखा मूठ आवळायचा. माज्या कण्याचं मणकं बोटांत धरून. पैलवानाची पकड हाय ती.

बाई अधनंमधनं येत्यात. रुळाकडंनं चालत जात्यात, हात चाचपत्यात, चाकाला लावायचं ग्रीस त्याला बी लावत्यात. आदी म्हणायच्या, "टिकेल अजून." परवा आल्या, चाचपलं, हेल्मेट काडलं, आणि ग्रीसचा डबा न उघडता परत घिऊन गेल्या. त्यांना दुसरीकडं काम लागलंय. तिकडं मोठी तालीम हाय म्हणं.

आणि मघाशी, तुमी बसायच्या आदी, फलाटावर गाडी थांबली तवा शिरपाला बगितलं तर छत्री वाकडी झाल्ती. त्यो अर्धा पाऊल रुळाकडं सरकला हुता. टाचा फरशीत रोवल्याल्या, फरशीला चिरा. खांदा गळ्याच्या खाली आल्याला. मान ह्या बाजूला कलल्याली. मी म्हणलं, "शिरपा, सोड." त्यो रोजच्यासारखं न्हाई म्हणला न्हाई. म्हणला, "दादा, हात कळंना झालाय मला. तू हायस का तिथं?"

मी म्हणलं, "हाय."

"मला वाटलं न्हाईस."

मग गाडी सुटली.

कळलं का पावणं? त्याला हात कळंना झालाय. आता बोटाला हात लावला तर त्याला समजणार न्हाई. मूठ आवळणार न्हाई. हे आजच झालंय, आणि आजच कामाचं हाय, कारण अजून चार-दोन गाड्या गेल्या की बोलायला शिरपा उरणार न्हाई.

आदी लई जणांना सांगितली ही गोष्ट. सगळी माणसं चांगली. व्हय व्हय म्हणत्यात. पर टोकावर गेलं, गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली, की बहुतेक सगळी हात वर करत्यात. कुणाचा दोष न्हाई, ते आपसूक हुतंय. वर गेल्यालं हात मग खाली येस्तवर आपण फलाटावर असतो. म्हणून मी आज रांगेत बगत बसलो. तुमी एकटं आलायसा. बसल्यापासनं दांडा सोडला न्हाई. बोटं पांढरी झाल्यात तुमची. तवा म्हणलं, हे माणूस हात वर करणारं न्हवं.

माजी काळजी करू नगा. ढाकेच्या खाली तोच चौकोन हाय, कर्दळीचा. माती तीच हाय, रोज पाणी बसतंय. वस्ताद तिथं खुर्ची टाकून बसल्यात, शिट्टी तोंडात. बगा, दिसलं न्हवं? त्यांनी टोपी काडलीय. त्यांना कळलं असंल. बोटं सुटली की मी शिटातनं निसटून त्या मातीवर पडंन, पाठ लागंल, कुस्ती निकाली. पाठ मोडंल माजी, मोडू दे. नंतर गाडीगणीक आपटंन, आपटू दे. मुकादमाच्या बायकोला सांगून ठिवलंय, एक गादी माज्या नावानं राखून ठिव म्हणून. पर शिरपाचा हात त्याच्या त्याच्याजवळ जाईल. उजव्या हातानं जेवंल त्यो.

आईला सांगायचं न्हाई. ती मांडवातच हाय अजून, गिलास कुणाला द्यायचा ते इचारत.

हं. साखळी थांबली बगा. गोष्ट संपली की वर पोचतोच आपण. पुढची सगळी हात वर करायला लागली.

तुमी करू नगा. डावा हात दांड्यावर ऱ्हाऊ द्या, उजवा माज्या पाठीमागं घाला. आणखी आत. लागला? गरम हाय, घाबरू नगा, त्यो माणूसच हाय.

करंगळीपासनं सोडवा.